तिसरा स्लॅब पडला, भावोजी!

पडला, भावोजी! तिसरा स्लॅब पडला!

सकाळी नारळ फोडला आणि उन्हं कलायच्या आत शेवटचं घमेलं उपडं झालं. कुठे खड्डा नाही, कुठे ओघळ नाही. असा सपाट बसलाय की तुम्ही कोपऱ्यात उकिडवे बसून, एक डोळा मिटून बघितलं असतंत तरी खोड काढायला जागा मिळाली नसती. मिळाली असती म्हणा. तुम्हाला खोड कुठेही मिळायची. ताईच्या लग्नात कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या असताना तुम्ही आमच्या मांडवाचा खांब हलवून बघितला होतात आणि माझ्या बाबांना म्हणाला होतात, "मामा, हा जरा आतून बांधायला पायजे होता." बाबा पुढे किती वर्षं ते सांगून हसायचे.

तर ह्या स्लॅबला आठवडा उलटून गेला. तरी रोज सकाळी डोळे उघडले की पहिली हीच बातमी तोंडाशी येते आणि सांगायला तुम्ही नाही. ताईला सांगून झालं, वर्कशॉपमधल्या माणसांना सांगून झालं, नाक्यावरच्या चहावाल्याला तर दोनदा सांगून झालं. ज्याला सांगायचं त्यालाच नाही सांगितलं तर कसलं समाधान? म्हणून लिहायला बसले. रडायला नाही बसले हं. रडून झालंय. शिमग्याची पालखी वाडीतून गेली आणि तिच्या मागोमाग तुम्ही गेलात. दुपारी जेवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलात ते गेलातच. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालू आणि जायच्या वेळी एक अवाक्षर नाही! मला दुःखाच्या आधी राग आला, खरं सांगते. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं आणि निकाल तुमच्याकडून यायचा होता.

तुम्ही पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, मिसरूड फुटल्यापासून आरसीसीचं काम करत आलेले. अर्ध्या तालुक्याच्या डोक्यावर तुमचे स्लॅब. मी तुमची धाकटी मेहुणी, महाडच्या एमआयडीसीत लोखंडाचं वर्कशॉप चालवणारी, कारखान्यांना जिने नि प्लॅटफॉर्म करून देणारी. आम्ही दोघी बहिणी नाते गावच्या, आणि तुमचा तो ठरलेला विनोद: "बायको नात्यातली नाय केली, नात्याची केली." प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, आणि हसणारे तुम्ही एकटेच.

भांडणाचा नारळ माझ्या वर्कशॉपवर फुटला. मी पहिली जॉइस्ट वेल्ड करून घोडीवर ठेवली होती. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मध्ये सळईची नागमोड. लांब, पण अंगाने हलकी, दोघांनी सहज उचलावी अशी. तुम्ही तिच्याभोवती फेरी मारलीत, बाजारात बैलाभोवती मारतात तशी.

"हे काय गो? शिडी?"

"जॉइस्ट, भावोजी. अशा ओळीने टाकायच्या, वर पन्हळी पत्रा, पत्र्यावर चार बोटं काँक्रीट. झाली मजल्याची जमीन."

"जास्त?"

"जास्त नाही हो. जॉ-इ-स्ट."

"तेच ते. नाव जास्त नि लोखंड कमी. मेहुणीबाय, धंदा बरा चालणार तुझा!"

झालं. त्या दिवसापासून तुमच्या तोंडी आणि तुमच्या सगळ्या माणसांच्या तोंडी ती "जास्त"च राहिली. तिसऱ्या मजल्यावर जॉइस्ट चढवत होतो तेव्हा तुमचा पाचाडचा मुकादम खालून ओरडला, "ताईनू, दोन जास्त कमी हायत!" आणि पुण्याहून खुंट्या वेल्ड करायला आलेला माणूस मला विचारतो, मॅडम, जास्त आहेत की कमी आहेत ते एकदा नक्की सांगा. मी पोट धरून हसले. हसता हसता मान वळवून तुम्हाला शोधलं, आणि मग आठवलं.

त्या खुंट्यांवरूनही तुम्ही मला छळलंत. मी किती जीव तोडून समजावत होते! काँक्रीट दाबून घ्यायला पक्कं, पण ओढलं की तडकतं. लोखंड ओढ सोसतं. म्हणून वर काँक्रीट, खाली लोखंड, आणि वजन आल्यावर दोघांनी एकमेकांवरून सरकू नये म्हणून पत्र्यातून वर काढलेल्या ह्या बोटभर खुंट्या. खुंट्या आहेत तोवर दोघं मिळून एक. खुंट्या नसल्या तर लोखंड वेगळं वाकणार, काँक्रीट वेगळं तडकणार. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत, तंबाखू मळलीत आणि म्हणालात, "कळला. वर तुझी ताई, खाली मी, नि मध्ये खुंटी तू." तुमच्या दोघांच्या निम्म्या भांडणांत मलाच मध्ये घालायचात, ते खरंच होतं.

मग तुम्ही माझ्या हाती इमारत दिलीत तरी कशी? ते गल्लीमुळे. महाडातला आपला प्लॉट म्हणजे दोन घरांच्या मध्ये कोंबलेला, गल्ली एवढीशी की टेम्पो शिरला की माणसाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. त्यात सावित्री नदीचं पाणी. ताईची खानावळ भाड्याच्या शेडमध्ये होती तेव्हा पुरात तिची पातेली गल्लीतून तरंगत गेलेली आपण गच्चीवरून बघितली. ताई एकेका पातेल्याला नावाने हाका मारत होती. "ती भाताची गेली! ती माझी आमटीची गेली!" तेव्हाच तुम्ही ठरवलंत, खाली सगळं मोकळं सोडायचं, खानावळ पहिल्या मजल्यावर. वर एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या मुलींसाठी खोल्या, आणि सगळ्यात वर तुम्ही दोघं. पण तुमच्या पद्धतीने स्लॅब टाकायचा म्हणजे खाली बल्ल्यांचं जंगल, टेकूंवर टेकू, आणि ते महिनाभर तसंच उभं. पावसाळा आडवा आला आणि पाणी शिरलं तर टेकूच वाहून जायचे. माझ्या जॉइस्टना खालून टेकू लागत नाही. त्या स्वतःच काँक्रीटचं ओलं वजन उचलतात.

तुम्हाला पटलं होतं. पण कबूल करतील तर ते तुम्ही कसले?

"एमआयडीसीची हवा नि सावित्रीचं पाणी, दोन्ही लोखंडाच्या सासवा," म्हणालात. मी तीन हात रंग द्यायचं कबूल केलं. "आग लागली तर?" म्हणालात. मी खालून जाड प्लॅस्टर दाखवलं. मग शेवटचं अस्त्र काढलंत. "ते सगळं खरं. पण हा स्लॅब नाय गो, माळा हाय. माळ्यावर भात ठेवतात, माणसं नाय ठेवत. माणसाच्या पायाखालची जमीन हलता नये."

"माझी नाही हलणार."

"हलणार."

"नाही हलणार!"

आणि मग तो करार केलात, ताईला साक्षीला बसवून. पाया तुम्ही घालणार, तुमच्या मापाने. दोन मजले माझ्या जास्तचे. "तिसऱ्याचं बघू." तुमच्या स्वतःच्या घराची जमीन कशाची, ते पहिले दोन बघून तुम्ही सांगणार होतात. पाया तर असा घातलात की वर हत्ती बांधावा. पुढेमागे तिसरा तुमच्या पद्धतीने टाकायचा झाला तर वजन पेलावं म्हणून, की नुसती सवय म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आणि ती परीक्षा! गणपतीचे दिवस. पहिला मजला तयार झालेला, भिंती नाहीत, काही नाही. तुमचा फोन: "संध्याकाळी ये. तुझा पेपर हाय." मी येऊन बघते तर वर तुमच्या वाडीतली जाखडी नाचणारी मंडळी! पायात चाळ, कमरेला शेले, कोपऱ्यात मृदंगवाला तोंडात पान ठेवून तयार. मला दरदरून घाम फुटला. कारण अशा जमिनीवर गोण्या रचा, पिंपं ठेवा, ती हूं की चूं करणार नाही. तिचा खरा वैरी म्हणजे एका ठेक्यावर एकदम आपटणारे पाय. पुस्तकात असतं ते. तुम्हाला ते कुणी सांगितलं होतं देव जाणे. सगळी आकडेमोड केलेली असूनही मी मनातल्या मनात कुलस्वामिनीला ओटी बोलून बसले.

मधोमध तुम्ही पितळेचा तांब्या ठेवलात, काठोकाठ भरून. मृदंगावर थाप पडली. गोल फिरायला लागले सगळे, आधी सावकाश, मग चढत चढत, आणि एकदम पाय आपटले! जमिनीखालचं लोखंड गुणगुणल्यासारखं झालं. तांब्यातलं पाणी थरथरलं, काठावर आलं, आणि सांडलं.

"सांडलं!" तुम्ही मृदंगापेक्षा मोठ्याने ओरडलात. "सांडलं गो सांडलं! हललं!"

"पण पडलं का?" मी ओरडले.

"हललं!"

"पडलं का ते सांगा!"

"हललं म्हणजे हललं!"

आणि ते गाणारे तरी कसले वस्ताद! त्यांनी तिथल्या तिथे "हललं गो हललं"चं धृपदच केलं आणि अर्धी गल्ली खाली जमली. तुम्ही पण उतरलात नाचात, शर्टाची बटणं उघडी, गुडघे दुखत असताना. मी पण उतरले. कोण हरलं कोण जिंकलं ते त्या गोंधळात राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी मी एकेक जोड तपासला. केसाएवढी चीर नव्हती. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "ते ठीक हाय. पण पाणी सांडलं." मी म्हणाले, तांब्या वाकडा होता. त्यावर आपण पुढे सहा महिने भांडलो.

एक गोष्ट मात्र तुम्ही मनापासून कौतुकाने बघितली होती. दुसऱ्या मजल्याच्या वेळी नळवाला आला आणि स्लॅबला एक भोक न पाडता सगळे पाइप जॉइस्टच्या नागमोडीतून ओवून मोकळा झाला. तुम्ही कमरेवर हात ठेवून खालून वर बघत राहिलात. "च्यायला," म्हणालात. एवढंच. मी तो शब्द घरी नेला आणि दोन दिवस पुरवून पुरवून खुश होत राहिले.

आणि तुमच्याकडून मी काय काय घेतलं, ते मी कधी बोलले का? लोखंड मला कळत होतं. काँक्रीट तुम्ही शिकवलंत. ओल्या काँक्रीटचा आवाज ऐकायचा, फावडं मारल्यावर "खर्र" आलं पाहिजे, "फच" आलं की पाणी जास्त. उन्हाळ्यात गोणपाट भिजवून पांघरायचं आणि बाळंतिणीसारखी काळजी घ्यायची. "लोखंड थंड होऊन मेल्यावर कामाला येतं, काँक्रीट ओलं, जिवंत असतं तवाच बघायचं," हे तुमचं. तुमच्या तोंडावर "शिकवलंत" म्हणाले असते तर तुम्ही वर्षभर डोक्यावर बसला असतात, म्हणून नाही म्हणाले. आता म्हणते. शिकवलंत, भावोजी. मनापासून शिकवलंत, आणि बाई म्हणून कधी हातचं राखून नाही शिकवलंत.

तर तुम्ही गेलात, आणि "तिसऱ्याचं बघू" तसंच राहिलं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर तुमचे थोरले भाऊ, आबा, मध्ये बसले. मुंबईच्या गोदीत जन्म काढलेला माणूस, बोलायला लागले की ऑर्डर सोडल्यासारखं. "तिसरा स्लॅब आरसीसी. फायनल. माझा भाऊ स्लॅबवाला होता. त्याच्या स्वतःच्या घराची जमीन पोकळ ठेवायची काय? लोक काय बोलतील? रिस्क नको." मी म्हणाले, भावोजींनी दोन मजले बघितले होते, त्यांना पटत आलं होतं. आबा म्हणाले, "तसा तो बोलला काय तुला?" मी म्हणाले, नाही. "मग पाया एवढा कशाला घातलान? त्याच्या मनात काय होतं ते पायाच सांगतो." मी म्हणाले, त्यांनी संडासाचा पायासुद्धा तसाच घातलाय! तेराव्याच्या दिवशी लोक हसले, भावोजी. तोंडावर हात ठेवून हसले. पण आबांचं चुकीचं होतं असंही नाही म्हणवत. तुमच्या मनात काय होतं ते तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतंत, आणि आम्ही दोघं तुमच्या नावाने एकमेकांशी भांडत होतो.

शेवटी सगळे ताईकडे बघायला लागले. राहणार ती होती. तुमच्याशिवाय, एकटी, त्या जमिनीवर.

ताईने मला एकच विचारलं. "आबांच्या पद्धतीने केला तर खाली टेकू लागतील?"

"लागतील. खोल्यांमध्ये, आणि कदाचित खानावळीतही."

"म्हणजे खानावळ बंद ठेवायची?"

"महिना तरी."

ती उठली, पदर खोचला. "मग नको. पोरं शिफ्टवरून येतात नि दाराला कुलूप बघून वडापाव खाऊन जातात. तेरा दिवस झाले ते पुष्कळ झाले. टेकू नको मला कुणाचे." आणि आत जाऊन तिने पीठ मळायला घेतलं. तिने निकाल दिला होता, पण तो जमिनीबद्दलचा नव्हता. माझी धाकधूक तिथेच सुरू झाली. खानावळ चालू राहावी म्हणून तिने ही जमीन घेतली. उद्या तिच्यावर अंथरूण टाकल्यावर तिला ती आपली वाटली नाही तर? तुमच्यासारखंच "माळा हाय" म्हणाली तर? काँक्रीट फोडता येतं, भावोजी. पण ताईने एकदा जीभ चावून "बरं हाय" म्हटलं असतं ना, तर मी जन्मभर त्या घराचा जिना चढले नसते.

स्लॅबच्या दिवशी तुमची सगळी माणसं आली. एकाला बोलवावं लागलं नाही. मुकादमाने तुमचे गमबूट घातले होते, मला विचारून. माल चढवायची लिफ्ट घरघरत होती, घमेली हातोहात जात होती, खाली ताईच्या चुलीवर मटणाचा वास सुटला होता, आणि मी पत्र्यावर इकडून तिकडे घसा फाटेस्तोवर ओरडत होते. फावडं "खर्र" वाजत होतं! शेवटचं घमेलं पडलं आणि मुकादम माझ्याकडे बघायला लागला. कारण ती आरोळी तुमची. मी तोंडाला हात लावले आणि दिली ठोकून: "पडला रे पडलाऽऽ!" गल्लीतून उत्तर आलं, "पडलाऽऽ!" त्याच भरात, हाताला काँक्रीट लागलेलं असताना, मी सगळ्यांना मेसेज टाकला, "तिसरा स्लॅब पडला," आणि फोन पिशवीत टाकून जेवायला बसले.

सगळ्यांना म्हणजे आबांनाही!

आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं, स्लॅब पडला म्हणजे टाकून झाला. पण आबा चाळीस वर्षं मुंबईत राहिलेले, आणि आधीपासून मनात भीती घेऊन बसलेले. त्यांनी वाचलं, स्लॅब पडला. फोनवर फोन केले, पिशवीतला फोन कोण ऐकतो? वाडीतल्या शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि थेट महाड. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि आबा धावत आले, एका पायात चप्पल, हातात कापसाचं भलं मोठं बंडल आणि जखमेवर लावायच्या औषधाची बाटली. वर खानावळीत येऊन बघतात तर सगळे मांडी घालून भाकरी मोडतायत, कुणी नळी फोडतोय, मुकादम रस्सा वाढतोय.

"कोण कोण सापडलं खाली?" आबा दारातूनच ओरडले.

"कुठे खाली?"

"स्लॅब पडला ना!"

"हो ना, पडला की! झकास पडला!" मुकादम म्हणाला. "बसा जेवाया."

मला कळायला एक क्षण लागला, आणि मग हसू आवरेना. आबा माझ्यावर असे उखडले! "पडला काय लिहितेस, बाये? टाकला लिहायला काय झालं होतं? माझा जीव गेला असता रस्त्यात!" मी म्हणाले, "आबा, आपल्यात पडलाच म्हणतात हो." "म्हणतात तर म्हणतात," आबा म्हणाले, "एकदा पडलाय आमचा माणूस. आता पडला शब्द ऐकला की धस्स होतं." आणि ते कापसाचं बंडल मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. तुम्हाला पोचवताना रडले नव्हते ते. तुमच्या माणसांनी जेवण थांबवलं. ताईने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, रस्सा वाढला, आणि ते रडता रडता जेवले. दोनदा भात घेतला. तेव्हापासून इथेच आहेत, सकाळ-संध्याकाळ स्लॅबला पाणी मारतात आणि माझ्या कामात खोड काढतात. तुमचेच भाऊ.

काल संध्याकाळी मी ताईला वर नेलं. इतके दिवस मी तिला येऊ दिलं नव्हतं, ओलं आहे, गोणपाट आहे, काहीबाही सांगत होते. खरं म्हणजे माझीच हिंमत होत नव्हती. वर अजून भिंती नाहीत, नुसती जमीन आणि चारी बाजूंनी डोंगर. ताई मधोमध जाऊन बसली, पाय लांब केले, दोन्ही तळवे जमिनीला टेकवले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे बघतात तशी.

"हलतं गो," ती म्हणाली.

हलतं, भावोजी. कोण चाललं की हलतं, अगदी बारीक, पण हलतं. तांब्या वाकडा नव्हता. जिंकलात तुम्ही, आणि ऐकायला थांबला नाहीत.

मी भराभर बोलायला लागले. "ताई, धोका काही नाही, नुसतं पायाला जाणवतं. भिंती नाहीत म्हणून. मधली भिंत उद्या सुरू होतेय, ती आली की थरथर मरते. तिच्यावर भार वगैरे काही नाही, पण जमीन कशी गप्प होते, बघ तू..."

"तू गप ऱ्हा आधी."

तिने डोळे मिटले. तळवे तसेच जमिनीवर. "आबा आले," म्हणाली. मी मागे वळले. आबा दूरच्या टोकाला जिन्यातून वर आले होते, अनवाणी, आवाज न करता, हातात चहाची किटली.

"तुला कसं कळलं?"

"उजवा पाय दाबून टाकतात ते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "ही कुणीतरी पोर. हलकी हाय." खानावळीत जेवणारी एक मुलगी रात्रीच्या शिफ्टला जायच्या आधी जेवण मिळेल का विचारायला आली होती.

ताईने डोळे उघडले. "त्या दुपारी वाडीतल्या घरी मी चुलीपाशी होते," ती म्हणाली. "हे बाहेरच्या खोलीत. मध्ये एक भिंत. ती जमीन मुकी, दगडासारखी. हे पडले नि मला कळलं नाय गो. भाकरी शेकत होते मी. दुसरी पण टाकली." मग तिने माझा हात धरून जमिनीवर ठेवला, आपल्या हाताखाली, आणि आबा चहाचे कप मांडायला चार पावलं चालले ती मला दाखवली. "हितं कळलं असतं. ती भिंत नको घालूस."

आज सकाळी गवंडी सामान घेऊन आला होता. मी त्याला परत पाठवलं.